शेवटचा भाग

दीपनगरच्या चिमण्या रात्री लाल डोळे मिचकावतात
तेव्हा रुबाब तडवी म्हणतो, बघ भो,
राख आहे, धूर आहे, पिवळे दिवे आहेत,
यार्डात अंधारात कुणीतरी शिट्टी फुंकून राहिलं,
फक्त पाऊस नाही.

ही आमची जुनी तक्रार.
त्या सगळ्या सिनेमांत रात्रभर पाऊस,
ओलं डांबर, लांब कोट, खिशात एका बाईचा फोटो,
आणि भला माणूस औषधालाही नाही.
इथे मे महिन्यात सेहेचाळीस.
कोट घालून पाठलागावर निघालेला गुप्तहेर
चौकापर्यंत पोचायच्या आत रसवंतीत बसेल,
दोन ग्लास, बर्फ जास्त,
आणि खुनी त्याच बाकावर, तोही घामाघूम.
खिडकीच्या पट्ट्यांची सावली तोंडावर पडावी म्हणून
एकदा आम्ही कुलरची जाळी बल्बसमोर धरली.
बायको म्हणाली, गोवर उठला का?

पण ओळख झाली ती ‘शुक्रचौकी’मुळे.
एकोणनव्वद साल, गुरुवारी रात्री नऊ.
जामनेर रोडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान,
तो काटेवाला, ड्यूटीला जाता जाता काचेबाहेर थांबायचा.
चौथ्या भागाला आत आला आणि म्हणाला,
यानाच्या दाराला कडी आहे. आतून.
मी म्हणालो, कॅप्टनच्या मागे लाल बटणांचं जे यंत्र आहे
तो मिक्सर आहे. तीन भांड्यांचा.
बस. दोस्ती झाली.
कुठल्या परग्रहवासीच्या कानामागे
निळा रंग लावायचा राहिला होता
हे आम्हाला साडूच्या मुलांच्या नावांपेक्षा पक्कं पाठ.

तेरावा भाग शेवटचा.
कॅप्टन दुर्गेश कडी काढतो, दार उघडतो,
बाहेर उभं आहे
आणि लाईट गेली.
वीज बनते ते ठिकाण डोळ्यांसमोर,
अन् अख्ख्या भुसावळची लाईट गेली!

तेव्हापासून आम्ही त्या दारात उभे.
रुबाबकडे सतरा शेवट आहेत.
अकराव्यात बाहेर टीसी असतो.
माझा एकच, आणि वाईट :
बाहेर कॅप्टन स्वतःच उभा असतो, हातात पिस्तूल.
रात्रीच्या शोंनी माझी ही गत केलेली.

परवा फैजपूरच्या विमलबाई झोपे व्हीसीआर घेऊन आल्या.
भाऊ, आत टेप अडकलीये, ओढू नका, कापा.
लेबलवर शाईनं : शुक्रचौकी १३.
केळीच्या कोठाराला जनरेटर होता म्हणे त्यांच्याकडे.
मी रुबाबला फोन केला. निवृत्त माणूस, चपला उलट्या घालून आला.
स्पिरिट, कापूस, हेड पुसलं,
हात थरथरत होते, वयामुळे, असं समजा.

काळ्या कापडाला भोकं पाडलेलं आकाश.
दुर्गेश. कडी. दार.
खरखर.
मग हळद लागली.
दाराबाहेर वरात होती :
डोक्यावर दिवे घेतलेल्या बाया, भोंगे वाजवणारी माणसं,
घोड्यावर, तोंड फुलांनी झाकलेला कुणीतरी.
बजेट वाढलं, रुबाब पुटपुटला.

माझ्या भावाचं लग्न, विमलबाई म्हणाल्या, पुढे न्या.
आम्ही नाही नेलं. सगळं पाहिलं.
वरणबट्टी, वांग्याची भाजी, रुसलेले मामा,
आणि पंगतीत चौथा,
रात्रीच्या वेळी काळा गॉगल, मे महिन्यात कोट.
मनगटावरचं घड्याळ तोंडाजवळ नेतो,
ओठ हलतात.

हा कोण?
तो होय? आम्हाला वाटलं मुलीकडचा.
मुलीकडच्यांना वाटलं आमच्यातला.
पाच बट्ट्या खाल्ल्या त्यानं,
पन्नासचा आहेर, पाकिटावर नाव नाही.

रुबाबने टेप मागे घेतली. पुन्हा. पुन्हा.
मांडवाला दार कुठून असणार,
पण निघताना तो माणूस वळतो,
आणि नुसत्या हवेत
कडी लावतो.

बाहेरून, रुबाब म्हणाला.
पाह्य भो. बाहेरून.